बेटराष्ट्रांना पॅनल मिळतात, पण जोखीम कोण वाटून घेतं?

प्रश्न असा आहे: "मालदीव, मॉरिशस, फिजी, ग्रेनेडा अशा बेटराष्ट्रांसाठी स्वच्छ ऊर्जा आणि हवामानबदलाला तोंड देण्याच्या नावाने दरवर्षी करार होतात, निधी जाहीर होतात. त्यातून तिथल्या माणसाच्या आयुष्यात खरोखर काही बदलतं का? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकू?"

बदलतं, पण करारातल्या मेगावॉटच्या आकड्यावरून ते कळत नाही. बेटांवरच्या डिझेल-सौर वीजयंत्रणांचे आराखडे, चाचण्या आणि नंतरच्या दुरुस्त्या यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ज्या सहकार्यात बाहेरच्याने बेटाच्या जोखमीतला काही भाग स्वतःच्या अंगावर घेतला, ते टिकलं. ज्यात नुसती यंत्रं पोचवली गेली, ते बहुतेक वेळा बॅटरीचं आयुष्य संपेपर्यंतच चाललं. ही जोखीम म्हणजे नेमकं काय, ते मालदीवपासून सांगतो, कारण तिथे ती अगदी उघडी दिसते.

मालदीवमध्ये जवळपास 1,200 बेटं आहेत आणि वस्ती त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर आहे. देशभर पसरलेली ग्रिड तिथे नाही. प्रत्येक वस्तीच्या बेटाचं स्वतंत्र पॉवरहाऊस असतं. राजधानी माले परिसरात स्टेल्को ही सरकारी कंपनी वीज पुरवते, बाहेरच्या बेटांवर प्रामुख्याने फेनाका. डिझेल बोटीने येतं. समुद्र खवळला की बोट लांबते, आणि टाकीत किती दिवसांचं तेल शिल्लक आहे हा गावातला पहिला प्रश्न होतो. आपल्याकडच्या वाचकाला हे फार दूरचं वाटायला नको. मुंबईच्या बंदरातल्या घारापुरी बेटावर 2018 साली समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली. तोपर्यंत तिथली तिन्ही गावं संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवरच होती. घारापुरीला किनारा साडेसात किलोमीटरच्या केबलच्या अंतरावर होता. हिंदी महासागरातल्या कंकणद्वीपांना, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळ बेटांना, असा शेजारी नसतो.

आता अशा एका बेटावर सौर प्रकल्प येतो तेव्हा काय होतं ते पाहा. समजा दुपारचा लोड 200 किलोवॉट आहे, जनरेटर 250 किलोवॉटचा आहे, आणि एखाद्या देशाने शाळा, मशीद, बंदराची शेड यांच्या छपरांवर मिळून 180 किलोवॉटची पॅनल बसवून दिली. कागदावर वाटतं की दुपारचं डिझेल जवळजवळ बंदच झालं. पण डिझेल इंजिन फार कमी लोडवर तासन्‌तास चालवता येत नाही. साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेलं की इंधन नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि तेलकट चिकटा साचतो, पिस्टनच्या रिंगा खराब होतात. म्हणजे हा सेट किमान 75 किलोवॉटवर ठेवायलाच हवा. सौरऊर्जेला जागा उरली 125 ची.

मग ढग येतो. विषुववृत्ताजवळचे ते छोटे, पांढरे, वेगाने सरकणारे ढग. अख्ख्या बेटाची पॅनल एवढ्याशा जागेत असतात की एक ढग सगळी एकदम झाकतो आणि मिनिटभराच्या आत उत्पादन शंभराच्या वरून तीसवर येतं. जनरेटरला तेवढी उडी अचानक मारावी लागते, फ्रिक्वेन्सी खाली जाते, कधी सेट ट्रिप होतो आणि सगळं बेट बंद पडतं. ऑपरेटरने हे एकदा अनुभवलं की तो दुसरा सेट चालू ठेवतो. त्याचं काहीही चुकत नाही. दवाखान्यातला लसींचा फ्रिज आणि मच्छीमारांचा बर्फ त्याच्या भरवशावर असतो, आणि वीज गेली तर लोक त्याच्याच दारात येतात. पण आता दोन सेट प्रत्येकी 75 किलोवॉटवर चालतायत, म्हणजे 150 गेले, आणि 180 किलोवॉटच्या पॅनलपैकी वापरली जातात फक्त 50 किलोवॉट. देणाऱ्या देशाच्या अहवालात मात्र पूर्ण 180 लिहिलेले असतात.

यावर उपाय आहे आणि तो माहीत असलेला आहे. ढगाचा तो धक्का झेलेल एवढी बॅटरी, जनरेटर आणि इन्व्हर्टर या दोघांशी बोलणारा नियंत्रक, आणि जुन्या अजस्र जनरेटरांच्या जागी लोडला साजेसे छोटे सेट. आशियाई विकास बँकेच्या मदतीने 2014 पासून मालदीवच्या बाहेरच्या बेटांवर राबवलेल्या 'पॉइस्ड' प्रकल्पाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. त्यात पॅनलबरोबर बॅटरी आणि नियंत्रक तर होतेच, शिवाय नवे कार्यक्षम डिझेल सेट आणि वितरणाच्या तारांची सुधारणाही होती. हवामान निधीतून डिझेल जनरेटर घ्यायचा म्हटलं की बैठकीत बऱ्याच भुवया वर जातात. पण पहिल्या वर्षांत खरी डिझेल-बचत पुष्कळदा तिथूनच होते, आणि तोच सेट पुढे जास्त सौरऊर्जा सामावून घ्यायला मोकळीक देतो.

ही झाली तांत्रिक जोखीम. पैशाची जोखीम याहून मोठी असते.

मालदीवची वीज कंपनी एखाद्या खाजगी गुंतवणूकदाराला म्हणते, "तू सौर प्रकल्प उभा कर, आम्ही 20 वर्षं वीज विकत घेऊ." गुंतवणूकदार हिशेब मांडतो. वीज कंपनी सरकारी अनुदानावर चालते, बिल थकलं तर? पैसे मालदीवच्या चलनात, रुफियात मिळाले आणि ते डॉलरमध्ये बदलून देण्याइतके डॉलर देशात नसले तर? सरकार बदललं आणि करार मोडला तर? या प्रत्येक 'तर'ची किंमत तो युनिटच्या दरात घालतो. जागतिक बँकेच्या 'अस्पायर' प्रकल्पाने नेमक्या याच जागी हात घातला. बिल थकल्यास हमी, चलन बदलून मिळण्याची सोय, करार मोडल्यास भरपाईची हमी. पहिला दीड मेगावॉटचा करार 2014 च्या सुमारास युनिटला साधारण 21 सेंटने झाला. पुढचा पाच मेगावॉटचा सुमारे 10.9 सेंटने, आणि त्यानंतरचा 11 मेगावॉटचा 9.8 सेंटने. याच काळात जगभर पॅनल स्वस्त झाले, हे धरायलाच हवं. सगळी उतरण हमीमुळे नाही. पण पॅनलची किंमत सगळ्यांसाठी उतरली होती, तरीही कितीतरी लहान देशांना निविदेला एकसुद्धा धड बोली मिळत नव्हती. मालदीवला नावाजलेल्या कंपन्यांच्या बोली मिळाल्या त्या हमीमुळे. हमीचे पैसे सहसा खर्चही पडत नाहीत. सगळं सुरळीत चाललं तर ते तसेच राहतात आणि पुढच्या प्रकल्पाला कामी येतात. भेट म्हणून दिलेला एक मेगावॉट मात्र एकदाच देता येतो.

विजेबरोबर पाण्याचंही बोलायला हवं, कारण प्रवाळ बेटावर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. वाळू-प्रवाळाच्या पोटात पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला किंवा उधाणाचं पाणी वस्तीत शिरलं की विहिरी खाऱ्या होतात. मग समुद्राचं पाणी गोडं करायचं, आणि त्याला वीज लागते. हजार लिटरला साधारण तीन ते पाच युनिट. 4 डिसेंबर 2014 ला मालेत पाणी गोडं करणाऱ्या केंद्रातल्या जनरेटरच्या नियंत्रण पॅनलला आग लागली आणि एक लाखाहून जास्त लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने 'ऑपरेशन नीर' खाली हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी पाण्याच्या बाटल्या नेल्या, नौदलाची 'सुकन्या' आणि 'दीपक' ही जहाजं पाठवली. ती मदत अत्यंत मोलाची होती, आणि तितक्या वेगाने ती दुसऱ्या कुणाला करता आली नसती. पण देशाच्या राजधानीला एका पॅनलच्या आगीने तहानेने व्याकूळ करणारी यंत्रणा आधी कशी उभी राहिली, हा प्रश्न त्यानंतर विचारायला हवा होता, आणि काही अंशी विचारला गेला. भारताच्या कर्जसाहाय्यातून 28 बेटांवरच्या पाणी आणि सांडपाण्याच्या योजना ऑगस्ट 2024 मध्ये मालदीवकडे सोपवण्यात आल्या. जहाजाने पाणी नेण्यापेक्षा हे काम मला कितीतरी मोठं वाटतं, जरी त्याचे फोटो तेवढे फिरले नाहीत.

इथे एक तांत्रिक मुद्दा विद्यार्थ्याने टिपून ठेवावा. पाणी गोडं करणारं संयंत्र दुपारी, सूर्य डोक्यावर असताना पूर्ण ताकदीने चालवायचं आणि पाणी टाकीत साठवायचं. टाकी बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त असते आणि खूप जास्त वर्षं टिकते. बर्फाच्या कारखान्याचंही तसंच. मात्र यासाठी पाणी विभाग, वीज कंपनी आणि मत्स्य विभाग यांना एकत्र बसवावं लागतं, आणि तीन वेगवेगळे देश तीन विभागांना वेगवेगळी मदत देत असले की ते फार अवघड होतं.

आता वादळं. कॅरिबियनमध्ये हवामानाची जोखीम वेगळ्याच पातळीवर जाते. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने डोमिनिकाचं जे नुकसान केलं ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 226 टक्के होतं. एका रात्रीत सव्वादोन वर्षांची देशाची कमाई. त्याआधी 2004 मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडाची अशीच दशा केली होती. त्यातूनच 2007 साली कॅरिबियन देशांनी मिळून सीसीआरआयएफ हा सामायिक विमा-निधी सुरू केला. त्यात नुकसानीची पाहणी होऊन दावा मंजूर होण्याची वाट पाहत नाहीत. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग, पाऊस यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की चौदा दिवसांत पैसे मिळतात. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळाने ग्रेनेडाचं कॅरियाकू बेट जवळजवळ सपाट केलं, तेव्हा या निधीतून देशाला चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रेनेडाने 2015 च्या कर्ज-पुनर्रचनेत रोख्यांच्या करारात एक कलम घालून घेतलं होतं: मोठं वादळ आलं तर काही हप्ते पुढे ढकलता येतील. बेरिलनंतर त्यांनी ते कलम प्रत्यक्ष वापरलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. ज्या महिन्यात घरांवर ताडपत्री घालायची, त्याच महिन्यात परदेशी सावकाराचा हप्ता भरायची वेळ आली नाही. हे एक कलम मला डझनभर परिषदांच्या ठरावांपेक्षा मोलाचं वाटतं.

या विम्याच्या मर्यादाही आहेत. जमैकाने जागतिक बँकेमार्फत 15 कोटी डॉलरचा आपत्ती-रोखा काढला होता, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं वादळ आलं तर गुंतवणूकदारांचे पैसे देशाला मिळणार होते. बेरिल जमैकाच्या किनाऱ्याजवळून गेलं, नुकसान झालं, पण वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब करारात ठरलेल्या आकड्याइतका खाली गेला नव्हता. त्यामुळे एक डॉलरही मिळाला नाही. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा वादळ जमैकावर आदळलं, तेव्हा सगळेच आकडे पार झाले आणि 15 कोटी पूर्ण मिळाले. नुकसानीचा अंदाज होता 880 कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे विमा पहिल्या काही आठवड्यांचा रोख खर्च भागवतो. तुटलेली वीजवाहिनी, रस्ते, घरं पुन्हा उभी करायला तो पुरत नाही. ते काम वादळाआधीच, मजबूत बांधून, करायचं असतं.

मजबूत बांधणं म्हणजे काय याचं पॅसिफिकमधल्या टोंगाचं उदाहरण मी नेहमी देतो. न्यूझीलंडच्या मदतीने तिथे गावोगावच्या वीजवाहिन्या नव्याने बांधायचं काम सुरू होतं. फेब्रुवारी 2018 मध्ये गीता वादळ आलं. ज्या भागात काम झालं होतं तिथे पाच टक्क्यांहून कमी वाहिन्यांचं नुकसान झालं, आणि जिथे व्हायचं होतं तिथे जवळजवळ निम्म्या वाहिन्या पडल्या. तेच बेट, तेच वादळ, तीच रात्र. कोकणात 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब कसे आडवे झाले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना टोंगाचे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. अलिबागसारख्या ठिकाणी वाहिन्या जमिनीखाली नेण्याचं काम राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून झालं, आणि त्यातही जागतिक बँकेचं कर्ज होतं. म्हणजे या बाबतीत आपण देणारेही आहोत आणि घेणारेही.

सौर प्रकल्पांच्या बाबतीत हीच गोष्ट नट-बोल्टपर्यंत खाली येते. 2017 च्या इर्मा आणि मारिया वादळांनंतर कॅरिबियनमधले काही सौर प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि काही जवळजवळ तसेच राहिले. एक मोठा फरक होता पॅनल पकडणाऱ्या क्लॅम्पमध्ये. स्वस्त आणि पटकन होणाऱ्या जोडणीत दोन शेजारच्या पॅनलना मध्ये एकच सामायिक क्लॅम्प असतो. वाऱ्याच्या सततच्या थरथराटाने नट ढिला होतो, एक पॅनल निसटतं, आणि ते निसटताच शेजारच्याची एक बाजू मोकळी होते. मग त्याच्या शेजारचं. पूर्ण ओळ अशी जाते. जिथे पॅनलच्या चौकटीतून थेट बोल्ट आरपार घातले होते, ढिले न होणारे लॉक-नट वापरले होते आणि प्रत्येक बोल्ट ठरल्या ताकदीने आवळल्याची तपासणी झाली होती, तिथे ओळी वाचल्या. यासाठी लागणारा जादा खर्च प्रकल्पाच्या एकूण किमतीत किरकोळ असतो. पण निविदा सगळ्यात कमी किमतीवर ठरत असेल, तर हा किरकोळ खर्चच सगळ्यात आधी कापला जातो. त्यात खारी हवा. 304 दर्जाचं स्टेनलेस स्टील समुद्राकाठी डाग धरतं, तिथे 316 लागतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीला वेगळ्या धातूचा बोल्ट मध्ये वॉशर न घालता लावला तर त्या जागी ॲल्युमिनियम झिजतं. इन्व्हर्टरचा पंखा खारट हवा आत ओढतो आणि सर्किट बोर्डवर मीठ बसतं. एका बेटावर मी इन्व्हर्टर उघडला तेव्हा हिरवट गंजाखाली कनेक्टरची पिन ओळखूही येत नव्हती. प्रकल्प जेमतेम तीन वर्षांचा होता. तो पुरवणाऱ्या कंपनीच्या कागदांत किनारी हवामानाचा शब्दही नव्हता. सुटा भाग मागवला तर तो यायला पुढच्या बोटीपर्यंत थांबायचं, आणि तोवर डिझेल.

म्हणून देखभालीचा पैसा कुठून येणार हे ज्या करारात पहिल्या पानावर नाही, त्या कराराबद्दल मी साशंक असतो. न्यूझीलंडच्या अखत्यारीतल्या टोकेलाऊ या तीन कंकणद्वीपांवर 2012 साली चार हजारांवर पॅनल बसली आणि डिझेलवर चालणारी वीज जवळजवळ संपूर्ण सौरऊर्जेवर आली. जगभर त्याची बातमी झाली, आणि ती योग्यच होती. पण वीज चोवीस तास मिळू लागली की लोक फ्रीझर घेतात, मागणी वाढते. आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या दहा वर्षांच्या आसपास बदलाव्याच लागतात. दीड हजार वस्तीच्या समाजाला वीजबिलातून तेवढा पैसा साठवणं शक्य नसतं. न्यूझीलंडने पुढेही साथ ठेवली म्हणून ती यंत्रणा वाढवता आली. दुसऱ्या कितीतरी ठिकाणी देणारा उद्घाटनानंतर परत आलाच नाही.

मोठ्या निधींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या बातम्या तुम्ही वाचतच असाल. समुद्रपातळी वाढून होणाऱ्या नुकसानीसाठी आंतरराष्ट्रीय विमा-निधी असावा, ही मागणी बेटराष्ट्रांच्या आघाडीच्या वतीने वानुआतूने 1991 मध्ये मांडली होती. नुकसानभरपाई निधीवर एकमत व्हायला 2022 ची शर्म अल-शेखची हवामान परिषद उजाडली. आता निधी आहे, त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी 25 कोटी डॉलर ठेवलेत. एकट्या जमैकाचं एका वादळातलं नुकसान त्याच्या पस्तीसपट आहे. दुसरी अडचण पात्रतेची. विकासमदत मिळणार की नाही हे दरडोई उत्पन्नावरून ठरतं. अँटिग्वा आणि बार्बुडा या देशातलं बार्बुडा बेट 2017 च्या इर्मानंतर पूर्ण रिकामं करावं लागलं होतं, आणि तरीही 2022 पासून हा देश 'पुरेसा श्रीमंत' म्हणून विकासमदतीच्या यादीतून बाहेर गेला. पर्यटनामुळे सरासरी उत्पन्न चांगलं दिसतं, पण एका वादळात हॉटेल आणि उत्पन्न दोन्ही जातात. संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट 2024 मध्ये उत्पन्नाऐवजी असुरक्षितता मोजणारा बहुआयामी निर्देशांक स्वीकारला. बँका आणि देणगीदार तो प्रत्यक्ष कर्जाच्या अटींत कधी वापरतात, याकडे माझं लक्ष आहे.

भारताबद्दल. आंतरराष्ट्रीय सौर आघाडी 2015 मध्ये पॅरिसला भारत आणि फ्रान्सने मिळून जाहीर केली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. भारताच्या पुढाकाराने बनलेल्या आपत्ती-सक्षम पायाभूत सुविधांच्या आघाडीने 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बेटराष्ट्रांसाठी 'आयरिस' हा खास कार्यक्रम सुरू केला. सेशेल्सच्या रोमेनव्हिल बेटावर भारताच्या मदतीने एक मेगावॉटचा सौर प्रकल्प 2021 मध्ये सुरू झाला. मॉरिशसमध्ये आठ मेगावॉटच्या प्रकल्पाचा प्रारंभ 2022 च्या जानेवारीत झाला. हे सगळं चांगलं आहे. पण माझ्या मते भारताची खरी ताकद मेगावॉट देण्यात नाही. चीन, जपान, ऑस्ट्रेलिया आपल्यापेक्षा जास्त मेगावॉट देऊ शकतात. आपल्याकडे खारी हवा, कमी बजेट, अनियमित देखभाल आणि वादळं या सगळ्यांत यंत्रणा चालवून दाखवलेली माणसं आहेत. आयटेक ही प्रशिक्षण योजना 1964 पासून चालू आहे. राजस्थानातल्या तिलोनियात बेअरफूट कॉलेजने पॅसिफिकमधल्या, फारसं शिक्षण न झालेल्या बायकांना सौर यंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवून परत पाठवलं. त्या बायका गावातच राहतात, नोकरीसाठी ऑकलंडला निघून जात नाहीत. बेटावर दुरुस्तीची जोखीम उचलणारं माणूस असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

आणि मॉरिशस. तिथे रत्नागिरी-सावंतवाडीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजही गणपती बसवतात, मराठी शिकतात. त्याच उसातून मॉरिशसने 1950 च्या दशकापासून चिपाडाची वीज ग्रिडला द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने सहवीजनिर्मितीकडे वळण्याच्या कितीतरी आधी. अडचण अशी की गाळप हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात केलेला कोळसा जळतो. देशाला तो कोळसा बंद करायचा आहे, आणि उसाखालचं क्षेत्र तर कमी होतंय. गाळपाव्यतिरिक्तच्या महिन्यांत बॉयलरला दुसरं कुठलं जैवइंधन घालायचं, ते गोळा कसं करायचं, ओलावा आणि राखेचं काय करायचं, या प्रश्नांवर कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या कारखान्यांतल्या बॉयलर इंजिनिअरांकडे खूप अनुभव आहे. या दोन ठिकाणच्या लोकांमध्ये याविषयी नियमित देवाणघेवाण व्हावी अशी माझी फार इच्छा आहे. दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसं आहेत, एवढ्यासाठी तरी कुणी पुढाकार घ्यावा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सौर पॅनलचा आराखडा करणारं सॉफ्टवेअर सगळेच शिकतात, ते शिकाच. पण बेटांवर कामाला येतं ते दुसरं. डिझेल जनरेटरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) आणि एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) नीट समजून घ्या. जमल्यास एखाद्या कारखान्याच्या डीजी रूममध्ये, म्हणजे डिझेल जनरेटरच्या खोलीत, काही महिने काढा, हात काळे होऊ द्या. दोष आला की वीज तोडणारी संरक्षण यंत्रणा, म्हणजे रिले सेटिंग, मनापासून शिका. जनरेटर चालू असताना शॉर्ट सर्किट झालं तर पूर्ण लोडच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. रात्री बेट नुसत्या बॅटरी-इन्व्हर्टरवर चालत असताना तोच दोष झाला तर इन्व्हर्टर जेमतेम सव्वा-दीडपट प्रवाह देतो, फ्यूज तसाच राहतो, आणि तुटलेली तार जमिनीवर जिवंत पडून राहते. दोन अवस्थांसाठी दोन वेगळी सेटिंग लागतात, आणि हे तपासणारा माणूस प्रकल्पावर फार क्वचित असतो. गंजाचं शास्त्र वाचा. वीजखरेदीचे करार वाचायला शिका, विशेषतः वीज घेतली नाही तरी पैसे देण्याची अट, चलनाची अट आणि करार मोडण्याची अट. यांत गोंधळ असला तर तुमचा उत्तम आराखडा बँकेत पडून राहतो. फ्रेंच आली तर मॉरिशस, सेशेल्स, कोमोरोससाठी उपयोगी पडते.

कुठल्याही बेटावर पोचलात की पहिल्या दिवशी पॉवरहाऊसच्या ऑपरेटरकडे बसा आणि त्याची लॉगशीट मागा. दर तासाचा लोड, कुठला सेट कधी चालू, किती डिझेल जळलं, हे त्यात हाताने लिहिलेलं असतं. मागच्या वर्षभराची पानं पाहिलीत तर सल्लागारांच्या अहवालात नसलेल्या कितीतरी गोष्टी सापडतील: रमजानमध्ये लोड रात्री कसा सरकतो, पर्यटनाच्या हंगामात किती चढतो, कुठल्या महिन्यात बोट लांबते. दुसरा सेट तो कधी आणि का चालू ठेवतो हेही त्याला विचारा. बॅटरी किती मोठी हवी याचं उत्तर तिथून काढायला सुरुवात करा.